पावसाळा लागला की मनगट धरतं: तीन वर्षांनी सापडलेलं कारण

आधी दुखणं सांगतो. उजवं मनगट, पालथ्या बाजूनं मधोमध आणि थोडं करंगळीकडे. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा बार छातीवरून उचलताना कळ येते. बॉक्सिंगच्या टांगलेल्या बॅगवर डाव्या हाताचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) निवांत चालतो, पण उजव्याचा क्रॉस (मागच्या हाताचा जोरदार सरळ ठोसा) बसला की कोपरापर्यंत सणक जाते. ओला टॉवेल पिळताना, बुलेटची किल्ली फिरवताना जाणवतं. दोन-तीन आठवडे हात झाकून बसलं की जातं, आणि पुढच्या जुलैत परत दारात हजर. असं सलग तीन वर्षं झालं.

ज्याला सांगावं त्याचं निदान ठरलेलं. आई म्हणाली, गारठा बाधतोय. तालमीतले वस्ताद म्हणाले, "पावसाळ्यात जुनी दुखणी उठत्यातच रं, तेल चोळ." मी दोन वर्षं तिळाचं तेल चोळलं, एरंडाची पानं गरम करून बांधली. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूधही प्यालो. दुधानं मनगट बरं झालं नाही, वजन मात्र दीड किलो वाढलं.

मी उद्यमनगरात एका मशीन शॉपला आहे. आमच्याकडे एखादं लेथ रोज दुपारीच माप सोडायला लागलं, तर जुना फोरमन मशीन खोलू देत नाही. तो आधी विचारतो, दुपारी काय बदलतं? उन्हानं पत्रा तापतो? दुसरा ऑपरेटर येतो? व्होल्टेज पडतं? हाच प्रश्न मी मनगटाला तिसऱ्या वर्षी विचारला. पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता, पण स्वतःच्या अंगाला माणूस मशीनइतकी किंमत देत नाही.

माझा पसारा आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळतो का ते बघता येईल. वय ३४, वजन ७८ किलो. स्पर्धा वगैरे काही नाही, हौस. आठवड्यात तीन दिवस वजनं, दोन-तीन दिवस बॉक्सिंग. सगळ्यात लाडकी डेडलिफ्ट (बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलून सरळ उभं राहायचं), तिच्या खालोखाल उभ्यानं डोक्यावर मारायचा प्रेस. बेंच मला फारसा आवडत नाही, पण जिममध्ये पहिला प्रश्न त्याचाच असतो. ध्येयं दोन: डेडलिफ्टला अंगाच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे १५६ च्या पुढे जाऊन १६० उचलायचे, आणि बॅगवर तीन-तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या हात खाली न पडता काढायच्या. हौशी बॉक्सिंगची लढत तीन फेऱ्यांची असते. सहा काढता आल्या तर तीन निभतील, असा माझा हिशोब. कोल्हापुरात बॉक्सिंग करतो म्हटलं की लोक आधी खांद्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, "कुस्ती का न्हाई?" शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न चालायचाच. सकाळी अंग गरम करायला मी अजूनही तालमीतच जातो, आणि या दुखण्यात त्या सवयीचाही हात निघाला.

हे दुखणं तुमचं नसेल तर

पुढचं सगळं फक्त अशा मनगटासाठी आहे, जे हळूहळू धरलं आणि विश्रांतीनं सुटतं. पडल्यावर हात टेकला, आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो (तपकीर ओढणारे चिमूट ठेवतात तो) तिथं दाबल्यावर दुखत असेल, तर बॅग, बार सगळं सोडून हाडांच्या डॉक्टरकडे जा. तिथं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं, बोटांकडून मनगटाकडे येतो. त्यामुळं ते मोडलं तर सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही. पहिल्या एक्स-रेत ही चीर दिसली नाही असंही होतं, म्हणून शंका असेल तर डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लावतात. "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून लगेच बॅगला भिडू नका.

करंगळीच्या गाठीमागचं (गाठ म्हणजे मूठ वळल्यावर बोटाच्या मुळाशी वर येतो तो उंचवटा) हाड ठोसा मारल्यावर सुजलं, गाठ खाली बसल्यासारखी दिसली, तर तेही हाडाचंच काम. त्या मोडीला इंग्रजीत बॉक्सरचंच नाव आहे, पण ती जास्त करून न शिकता मारणाऱ्याला होते. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवली आणि अंगठ्याच्या बाजूला जीव गेला, तर ती अंगठ्याच्या कंडऱ्यांची सूज, तिचा उपाय वेगळा. अंगठा आणि पुढची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर नस दबतेय. यातलं माझं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी दाबून, फिरवून बघितलं, "मार खाल्लाय, मोडलेलं नाही" म्हणाले आणि तीन आठवडे आराम लिहून दिला. आराम बरोबरच होता, पण त्यानं दुखणं गेलं, कारण तसंच राहिलं.

आधी काय काय बदलून बघितलं

पहिल्या वर्षी जिमच्या पोरांचं ऐकून वजनं मारताना मनगटाला गुंडाळायचे जाड पट्टे, रिस्ट रॅप, घेतले. बेंचला बरं वाटलं. पण आधार मिळाला म्हणून मी वजन वाढवलं, आणि दुखणं दोन आठवडे पुढं ढकललं गेलं, एवढंच. दुसऱ्या वर्षी महागडे ग्लोव्ह्ज आणले, फरक शून्य. मग बेंच पूर्ण बंद केला. दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथंच अडकलं. मी समजलो औषध कमी पडतंय. खरं म्हणजे दोन वेगवेगळी दुखणी एकाच सांध्यात राहत होती, आणि त्यातलं एकच मी बंद केलं होतं.

चूक एकच होती. प्रत्येक वेळी मी एकदम तीन-चार गोष्टी बदलत होतो, त्यामुळं बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळायचं नाही.

वही

तिसऱ्या वर्षी जानेवारीपासून वही ठेवली. शंभर पानी, साधी. रोज चार गोष्टी लिहायच्या: काय उचललं, बॅगच्या किती फेऱ्या, पळालो का, आणि झोपताना मनगट दहापैकी किती दुखतंय. मार्च-एप्रिलमध्ये आकडा शून्य किंवा एक. जून संपता संपता तीन. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सहा.

मग पानं उलटून बघितली. उन्हाळ्यात मी आठवड्यातून चार दिवस रंकाळा तलावाला पळत होतो आणि दोन दिवस बॅग मारत होतो, पाच-पाच फेऱ्या. म्हणजे आठवड्याला दहा. पाऊस लागला की रंकाळ्याच्या काठाला शेवाळ धरतं, रस्त्यावर पाणी, पळणं बंद. घाम तर काढायचा असतो. म्हणून "आज बॅगच मारू" असं करत करत जुलैत आठवड्याला पाच दिवस, सहा-सहा फेऱ्या झाल्या होत्या. तीस.

मोबाइल खिडकीत ठेवून एक फेरी रेकॉर्ड केली आणि मोजली. तीन मिनिटांत साठेक ठोसे, त्यातले वीस उजव्या क्रॉसचे. उन्हाळ्यात आठवड्याला दोनशे क्रॉस, पावसाळ्यात सहाशे. गारठा बिचारा फुकट बदनाम झाला होता.

बॅग

पण तीस फेऱ्या मारणारे कितीतरी आहेत, त्यांचं मनगट धरत नाही. म्हणून बॅगकडे वळलो.

आमची बॅग पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली आहे. ताडपत्रीची, आत वाळू आणि चिंध्या. अशा बॅगा सगळीकडे असतात, आणि सगळीकडे त्यांचं एकच होतं. वाळू खाली बसते. तुमच्या बॅगला आत्ता जाऊन वरपासून खालपर्यंत अंगठ्यानं दाबत या. आमच्या बॅगचा वरचा हातभर भाग रिकाम्या पोत्यासारखा होता आणि खालचा हातभर जोत्याच्या दगडासारखा. वर मारलं की मूठ आत रुतते आणि आतल्या आत वाकते. खाली, बरगडीच्या उंचीवर मारलं की काहीच आत जात नाही, सगळा दणका उलटा मनगटात येतो.

त्यात पाऊस. शेड गळतं, ताडपत्री पाणी पिते, चिंध्या दमट होतात. कंपनीतला टांगायचा वजनकाटा एका रविवारी आणून लावला. मेमध्ये ३८ किलो भरलेली बॅग जुलैत ४३ भरली. पाच किलो पाणी, तेही तळात.

बॅग उतरवली, सगळी रिकामी केली. हे काम एकट्यानं करू नका आणि घरात तर मुळीच करू नका. इचलकरंजीच्या कापड कारखान्यांतल्या चिंध्या किलोच्या भावानं मिळतात, त्या आणल्या. जुने कपडे घालणार असाल तर बटणं, चेन, हुक सगळं कापून टाका. मी एक जीन्सचं बटण विसरलो होतो, ते दुसऱ्या आठवड्यात सापडलं, मुठीला. चिंध्या थोड्या थोड्या टाकायच्या आणि दर वीतभराला मुसळानं किंवा लाकडी दांड्यानं ठासायच्या, कडेकडेनं जास्त. वजन हवंच असेल तर वाळू छोट्या जाड पिशव्यांत बांधून, पिशव्या चिंध्यांत गुंडाळून बरोबर मधोमध ठेवायच्या. सुटी वाळू ओतायची नाही. अंगाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास बॅग असली तरी हौशी माणसाला पुरते. आमची आता ३६ ची आहे, आणि पावसाळाभर तिच्यावर प्लास्टिकचं खोळ असतं.

बॅग झुलत अंगावर येत असताना तिच्यावर पूर्ण जोरात क्रॉस मारायचा मोहही टाळा. आवाज छान येतो, पण तुमचा वेग आणि तिचा वेग दोन्ही मिळून मनगटावर बसतात. ती परत जायला निघाली की मारा.

पट्टी

हातावर गुंडाळायच्या पट्ट्या माझ्याकडे दोन जोड होत्या, दोन्ही अडीच मीटरच्या, दुकानदारानं दिल्या म्हणून घेतलेल्या. मोठ्या माणसाच्या हाताला साडेचार मीटर लागते. अडीच मीटरमध्ये गाठी झाकल्या जातात आणि मनगटाला एकच वेढा उरतो. शिवाय जुलैत दोरीवर टाकलेली पट्टी दोन दिवस वाळत नाही. मी दमटच बांधायचो. दमट सुती पट्टी पहिल्या फेरीत घट्ट वाटते आणि दुसऱ्या फेरीत सैल पडते.

आता चार जोड आहेत, साडेचार मीटरच्या, आणि पावसात फॅनखाली वाळतात. घरातून यावर टीका होते. बांधताना बोटं पसरून ठेवायची. अंगठ्यात फासा, मग मनगटाला तीन वेढे, गाठींवर तीन, बोटांच्या फटींतून एकेक फेरी, अंगठ्याभोवती एक, आणि उरलेलं सगळं परत मनगटाला. मूठ उघडी असताना सैलसर आणि मिटल्यावर गच्च वाटली पाहिजे. बोटांची टोकं निळी पडली तर सोडून परत बांधा. ग्लोव्ह्जही तपासा. बाहेरून अंगठ्यानं दाबल्यावर आतली गाठ हाताला लागत असेल, तर त्यातला फोम मेलेला आहे. बॅगसाठी मी आता १६ औंसाचे वापरतो, एकेक साधारण साडेचारशे ग्रॅमचा. खांदे लवकर भरतात, पण हौशी माणसाला घाई कसली?

आणि ठोसा पहिल्या दोन गाठींवर बसवा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या. त्या दोन बोटांची तळहातातली हाडं मनगटाशी जवळपास घट्ट बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीची हाडं हलतात, मूठ आवळून बघा, दिसेल. माझा क्रॉस थकल्यावर करंगळीकडे सरकत होता. पाचव्या-सहाव्या फेरीचा व्हिडिओ बघितल्याशिवाय हे कळलं नसतं, पहिल्या फेरीत सगळेच नीट मारतात.

जोर

बॅग बंद ठेवून दोन आठवडे काढले तेव्हा आकडा सहावरून तीनवर आला आणि थांबला. करंगळीकडची कळ गेली, पालथ्या बाजूची राहिली. हे उरलेलं तीन कुठलं?

पळणं बंद झाल्यावर सकाळी तालमीत मी शंभर जोर मारत होतो. फरशीवर, तळहात सपाट टेकून. जोर मारताना खाली जाऊन पुढं येतो तेव्हा मनगट काटकोनाच्याही पलीकडे वाकतं, आणि वर अंगाचं वजन असतं. पैलवान लहानपणापासून मारतात, त्यांची मनगटं तशी घडलेली असतात. मी तिशीत सुरू केले, तेही फक्त पावसाळ्यात, थेट शंभर. संध्याकाळी त्याच मनगटावर बेंच.

वस्तादांना सांगायला जीव धजत नव्हता. सांगितलं तेव्हा ते हसले आणि कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांकडे बोट केलं. हातात धरून जोर मारायचे ठोकळे तालमीत कधीपासून पडून होते! "मागितलं कुठं तू?" ठोकळा धरला की मनगट सरळ राहतं. दोन आठवड्यांत आकडा एकवर आला.

बेंचची पकड

मित्राला बाजूनं फोटो काढायला लावा. माझ्या फोटोत बार बोटांच्या मुळांवर होता आणि मनगट मागं लोळलं होतं. बार खाली, तळहाताच्या टाचेवर हवा, म्हणजे तो हाताच्या दोन हाडांच्या बरोबर वर येतो. त्यासाठी पकडताना हात किंचित आत वळवून बार तिरका घ्यायचा: अंगठ्याच्या बेचक्यातून करंगळीखालच्या मांसल भागाकडे. अंगठा मात्र बारभोवती वळलेलाच हवा. ही पकड शिकताना ८५ वरून ७० किलोवर आलो आणि सहा आठवडे तिथंच राहिलो. डोक्यावरच्या प्रेसलाही हीच पकड, आणि तिथं फरक लवकर जाणवतो.

डेडलिफ्ट या सगळ्या काळात एक दिवसही सोडली नाही. ओढताना मनगट सरळ राहतं, वाकवणारा भार नसतो. दुखतंय म्हणून सगळंच बंद करणारे बघितले की वाईट वाटतं. पॉवर क्लीन (बार जमिनीवरून एका झटक्यात खांद्यावर घ्यायचा) मात्र बंद ठेवला, कारण बार खांद्यावर झेलताना मनगट उलटतं. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर यानं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून २४८ किलोवर रौप्य घेतलं. क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण एका किलोनं गेलं. त्याच्यापुढं पदक होतं, तो दुखऱ्या हातानं पुन्हा बारखाली गेला ते समजतं. माझ्यापुढं दुसऱ्या दिवशीची शिफ्ट असते.

आता आठवडा कसा लावलाय

प्रेस आणि बेंच सोमवारी, बॅग बुधवारी आणि शनिवारी, डेडलिफ्ट गुरुवारी, कारण बॅगच्या दुसऱ्या दिवशी ओढायला त्रास नसतो, ढकलायला असतो. फेऱ्या आठवड्याला बारा, वाढवायच्या तर एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही. पळणं बुडालं तर बॅगऐवजी दोरीवरच्या उड्या किंवा नुसती शॅडो, म्हणजे हवेतच ठोसे. घाम तेवढाच निघतो.

मनगटाचा व्यायाम म्हणून दोन किलोच्या डंबेलनं वर-खाली, आणि बादलीभर तांदळात मूठ घालून उघडझाप. तो तांदूळ नंतर शिजवायचा नाही, हे मला आमच्या स्वयंपाकघरातून स्पष्ट सांगण्यात आलं आहे. तालमीतलं हलकं मुद्गल फिरवणं मला या दोन्हींपेक्षा आवडतं, पण ते कळ पूर्ण गेल्यावरच. आधी फिरवलं होतं, दोन दिवस वाया गेले.

यंदाचा जुलै वहीत बघितला. सगळ्यात मोठा आकडा दोन, तोही एकदाच, ज्या आठवड्यात मित्राच्या नादानं एका बैठकीत आठ फेऱ्या मारल्या त्या आठवड्यात. बेंच परत ८५ वर आहे. डेडलिफ्ट १५२ वर अडकली आहे आणि त्याचं कारण मनगट नाही, कंबर गोल होते. फ्रंट स्क्वॉटला (बार पुढून खांद्यांवर घेऊन बैठका) मात्र बार बोटांवर धरला की अजून कुरकुर होते, तिथं मी हात आडवे घालून धरतो. ज्यांनी ही शेवटची कुरकुर घालवली आहे त्यांनी कशी घालवली ते जरूर लिहा, म्हणजे क्लीन परत सुरू करता येईल.